एकाचे एक्कावन्न

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, फेअरफॅक्स काउंटीत, एक सरकारी शाळा आहे. नाव लांबलचक: थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. लोक नुसतं ‘टीजे’ म्हणतात. (जेफरसन म्हणजे तेच, ज्यांनी सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिलं आणि आयुष्यभरात सहाशेवर गुलाम बाळगले.) १९८५ पासून ही मॅग्नेट शाळा आहे. म्हणजे पैसा करदात्यांचा, पण प्रवेश निवडक मुलांनाच. तिकडच्या आपल्या मंडळींच्या घरात मूल सहावीत गेलं की टीजेचा जप सुरू होतो.

‘यू.एस. न्यूज’ हायस्कूलांची क्रमवारी लावतं; त्या यादीत २०२२ साली ही शाळा देशात पहिली आली. येणारच. आधीच गणितात पटाईत असलेली मुलं परीक्षा घेऊन गोळा करायची, चार वर्षांनी त्यांची परीक्षा घ्यायची आणि शाळेच्या गळ्यात हार घालायचा. तांदूळ निवडणाऱ्याची शाबासकी आचाऱ्याला. शाळेने मुलांना किती पुढे नेलं, हा प्रश्न त्या हाराआड दिसेनासा होतो.

आता निवड कशी होती ते पाहा. २०२० साली प्रवेश मिळालेल्या ४८६ मुलांत ७३ टक्के आशियाई वंशाची. कृष्णवर्णीय मुलं दहापेक्षाही कमी, म्हणून त्यांचा आकडा छापलाच नाही. आणि गरीब घरातली मुलं ०.६२ टक्के. हिशेब केला तर ४८६ मध्ये तीन. सरकारी शाळेत तीन! यावर कुणी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही.

कोर्टात गेले ते नंतर. २०२० च्या ऑक्टोबरात शाळा मंडळाने प्रवेशपरीक्षा रद्द केली. तिची शंभर डॉलरची फीही गेली. जागा ५५० केल्या आणि डिसेंबरात प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखून ठेवल्या. तोवर मूठभर मिडल स्कूलच टीजेला मुलं पुरवत होती आणि त्या शाळांच्या हद्दीतल्या घरांचे भाव सांगायला नकोत. गरिबी किंवा घरी इंग्रजी नसणं यांचाही आता विचार होऊ लागला. अर्जदाराचा वंश मात्र निवडणाऱ्यांना कळत नव्हता.

पुढच्या तुकडीत आशियाई मुलं ७३ वरून ५४ टक्क्यांवर आली. गहजब झाला. ‘मेरिट बुडालं’ हे वाक्य आपल्या कानांना इतकं सवयीचं की त्याला व्हर्जिनियाचा व्हिसाही लागला नाही. पालकांच्या संघटनेने खटला भरला. २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी नवी पद्धत घटनाबाह्य ठरवली, २०२३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल दोन विरुद्ध एक मतांनी फिरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस तेवढे नाराज राहिले.

याच अपिलाच्या निकालपत्रात एक आकडा आहे. गरीब आशियाई घरांतली किती मुलं टीजेत निवडली गेली? जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी एक. नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी एक्कावन्न. म्हणजे ‘आशियाई मुलांवर अन्याय’ म्हणून जी छाती बडवली गेली, तिच्यात हे वाढलेले पन्नास आशियाई धरलेच नव्हते. हॉटेलात भांडी घासणाऱ्याचं पोर आणि आयटी डायरेक्टरचं पोर फॉर्मवर एकाच चौकोनात खूण करतात. जातीचा चौकोन मागे टाकून गेलेल्या आपल्या मंडळींना तिथे वंशाचा मिळाला, आणि लगेच त्यात आपलं कोण, परकं कोण हेही ठरलं.

२०२४ च्या यादीत टीजे चौदावी आली. ‘बघा, आम्ही सांगत होतो!’ सांगत होतात खरं. पण त्या यादीतला मोठा हिस्सा २०२१-२२ साली बारावीत असलेल्या मुलांच्या कामगिरीवर बेतलेला होता, आणि ती मुलं जुनी परीक्षा देऊनच आत आली होती. दोष द्यायचाच, तर तारखा तरी पाहून द्यावा. गणिताची एवढी चाड असणाऱ्यांकडून वजाबाकीची अपेक्षा जास्त नाही.

आता दर शाळेला दीड टक्का जागा आहेत. म्हणजे जिथून फारसं कुणी जात नाही अशा मिडल स्कूलच्या हद्दीत घर घेतलेलं बरं, वर हप्ताही कमी. हा हिशेब अजून कुणी मांडला नसेल, तर तो पालक आपल्यातला नव्हे.