जावयांची डावी लेन

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस,


आम्ही सगळे खुशाल. तुमच्या जावयांना मात्र रविवारी हायवेवर पोलिसाने धरलं. सिग्नल तोडला नाही, वेगही जास्त नव्हता. पाटी ताशी ६५ मैलांची आणि आमचा काटा बरोब्बर ६५ वर. गुन्हा काय, तर डावी लेन अडवून ठेवली!

इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याकडची उजवी लेन ती इथली डावी. ओव्हरटेक करायचं आणि मुकाट्याने परत उजवीकडे यायचं. पण उजवीकडे सारख्या नव्या गाड्या घुसतात म्हणून जावई डावीकडे मांड ठोकून बसले होते. मागून एक पिकअप आली. हॉर्न नाही हो, इथे हॉर्न म्हणजे शिवीच. त्याने नुसता डिपर दिला. हे म्हणाले, "देऊ दे. मी नियमात आहे." शेवटी तो उजवीकडून पुढे गेला, आणि जाताना आमच्याकडे असं बघितलं की मी उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. त्याच्यामागून आणखी चार गेले. मागच्या सीटवरून तुमची नात म्हणाली, "बाबा, सगळे आपल्याला राँग साइडने का ओव्हरटेक करतायत?" पोरीला कळलं, बापाला नाही.

पोलिसालाही यांनी ६५चा काटा ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, "वेग बघायला मी आहे."

इथला कायदाच तसा आहे. उजवीकडे जागा असताना डावीकडे रेंगाळलात, तर १०० ते ३०० डॉलर दंड आणि लायसन्सवर २ पॉइंट. २०१३ साली दंड वाढवला, तेव्हाच ठरलं की त्यातले ५० डॉलर "उजवीकडे राहा, डावीकडून पुढे जा" अशा पाट्यांसाठी ठेवायचे. म्हणजे जावयांनी न वाचलेली पाटी कुणा दुसऱ्या जावयाच्या पैशातून उभी राहिली असणार. पुढची आमची.

तुमची आठवण आली. एसटी घेऊन बोरघाट चढताना उजव्या लेनमध्ये रांगणारा ट्रक दिसला की तुम्ही म्हणायचात, "याच्या आजोबांनी बांधलाय का रस्ता?" हा किस्सा जावई इथल्या मित्रांना रंगवून सांगतात. त्या पिकअपवाल्यानेही तेच म्हटलं असणार, इंग्रजीतून.

यांचं मन अजून मानत नाही. बाजूला होणं म्हणजे हार मानणं, असं वाटतं. उभी हयात तुम्ही एसटी चालवलीत. मागच्याला वाट देताना तुम्हाला कधी कमीपणा वाटला का? रविवारी फोन कराल तेव्हा सहज विषय काढा. मी लिहिलंय, हे मात्र सांगू नका.

आईला नमस्कार.

तुमची,
बेबी