सादळलेले चिरूट

मृग लागला की आमच्या बुरोंडीत मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे पडतात. आषाढात त्या तांदळासकट मीठ चमच्याने खरवडून काढावं लागतं. काडेपेटीवर काडी घासली की गुल निघून काडेपेटीलाच चिकटतो. कपाटातल्या माझ्या लग्नाच्या कोटावर दर श्रावणात हिरवट लव उगवते, आणि ती बघून ही म्हणते, "आता खतपाणी घाला, नव्याने बाहेर येईल." टेकडीवर अर्ध्या पृथ्वीगोलावर परशुराम उभा आहे. त्याने बाण मारून समुद्र मागे हटवला म्हणतात. हटवला असेल, पण हवेतला समुद्र तेवढा न्यायचा विसरला.

अशा गावात, ऐन जून महिन्यात, मी हवा ओली ठेवण्याचं कपाट बनवलं. विकत आणलं असतं तर दुकानदाराच्या नावाने खडे तरी फोडता आले असते. ती सोय मी ठेवली नाही.

झालं असं की कॅनडात कॅलगरीला असलेला भाचा मे महिन्यात आंबे खायला आला, आणि येताना क्युबाच्या पंचवीस चिरुटांची पेटी घेऊन आला. मी ओढत नाही. बँकेत असताना दुसऱ्याच्या सिगरेटचे दोन झुरके मारायचो, आणि त्या दोन झुरक्यांचा खोकला अजून पुरवून वापरतोय. पण चिरुटाची गोष्टच वेगळी. शब्दसुद्धा आपल्या दक्षिणेतला, तमिळ 'सुरुट्टु'वरून आलेला. सुरुट्टु म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट इतके नावाजलेले होते की शेरलॉक होम्सने आपल्या पहिल्याच कादंबरीत नुसती राख बघून ते ओळखले. शिवाय आमची अर्धी हयात मुंबईत गेली, त्यामुळे हातात चिरूट घेतलेले बाळासाहेब ठाकरे डोळ्यांसमोर होतेच. पेटी हातात आल्याबरोबर मी ओटीवरच्या खुर्चीत जरा तिरका बसायला लागलो. गटारीला, म्हणजे आषाढी अमावास्येला, चार मित्रांना बोलावून पेटी फोडायची असं जाहीरही करून टाकलं.

भाचा परत गेला आणि तिथून त्याचा फोन. "मामा, पेटी उघडी ठेवलीत की चिरूट वाळून काटकी होतील. आत अठरा ते वीस डिग्री हवी आणि आर्द्रता सदुसष्ट-अडुसष्ट टक्के. एखादा जुना वाइन कूलर बघा, त्याचंच मस्त कपाट होतं."

कॅलगरीच्या हिशेबाने पोराचं काही चुकलं नव्हतं. तिथे हिवाळ्यात घर गरम करून करून आतली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. चुकलं ते माझं. मी त्याच्या बोलण्यातला शब्द न् शब्द वहीत लिहून घेतला आणि खिडकीबाहेर बघायचं तेवढं राहिलं.

लाडघरच्या बाजूला एक हॉटेल आवराआवर करत होतं. तिथे बारा बाटल्यांचा वाइन कूलर अडीच हजारांत मिळाला. काचेचं दार, आत निळा दिवा. त्याला कॉम्प्रेसर नसतो. १८३४ साली झां पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसाने, जो मुळात घड्याळजी होता, असं दाखवून दिलं की दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज सोडली तर विजेच्या दिशेप्रमाणे तो जोड थंड तरी होतो नाहीतर गरम तरी. त्याच तत्त्वावर हे खोकं चालतं. एक बाजू आतली हवा थंड करते, दुसरी बाजू पाठीमागच्या पंख्यावाटे आमचं माजघर तापवते. ही माहिती मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिली. पोस्टमन दोनदा ऐकून गेला.

मग वहीप्रमाणे कामाला लागलो. पहिलं कलम: आतला वास घालवणे. सोड्याच्या पाण्याने पुसलं, कोळसे ठेवले. दुसरं: स्पॅनिश सीडरच्या फळ्या. दापोलीत सुतार म्हणाला, "भाऊ, स्पेनचं नाय आपल्याकडं. साग हाय, शिवण हाय." तो देवदारही द्यायला तयार होता, पण माझी वही सांगत होती की या सीडरचा देवदाराशी संबंध नाही, ते महोगनीच्या कुळातलं झाड. शेवटी निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्या वाडीतला जो फणस आडवा झाला होता त्याच्या फळ्या माळ्यावरून काढल्या आणि त्याचे तीन खण करून घेतले. दिसायला देखणे, पिवळेधमक. खणांवर चिठ्ठ्या लावल्या: 'रोजचे', 'पाहुण्यांचे', 'खास'. न ओढणाऱ्या माणसाचे 'रोजचे' कोणते, हे हिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

तिसरं कलम: तळाशी पाणी जायचं भोक असतं ते बुजवणे, म्हणजे ओलावा बाहेर जात नाही. बुजवलं. चौथं: आर्द्रता मोजायचा काटा तपासणे. त्यासाठी झाकणात मीठ घेऊन त्यात दोन थेंब पाणी घालायचं, काट्यासकट पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं; सकाळी काट्याने बरोबर ७५ दाखवायला हवं. मिठात पाणी घालायची मला गरज पडली नाही. काट्याने ७५ दाखवलं. मग पिशवीतून बाहेर काढून सहज ओटीवर ठेवला, तर तो ९४ वर गेला. इथे कोणत्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. मी काटा पुसून आत ठेवला.

पाचवं कलम लिहिताना आजही हात थरथरतो. आत स्पंजवर डिस्टिल्ड वॉटर ठेवणे. म्हणजे जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या दापोली तालुक्यात मी छत्री घेऊन, भिजत, बॅटरीच्या दुकानात गेलो आणि पैसे मोजून पाण्याचा कॅन घेऊन आलो. हवा ओली करायला. वाटेत भेटलेल्या शेजारच्या काकांनी विचारलं, "काय रे, विहीर आटली?"

आठवड्याभरात कपाटात तळं झालं. अठ्ठावीस डिग्रीच्या आपल्या हवेत घनमीटरमागे चोवीस-पंचवीस ग्रॅम पाण्याची वाफ असते. अठरा डिग्रीला हवेत पंधराच्या आसपासच मावते. उरलेलं पाणी थंड पत्र्यावर जमतं आणि ठिबकतं. मी तर कौतुकाने दिवसातून चाळीस वेळा दार उघडत होतो, म्हणजे दर वेळी ओली हवा आणून ओतत होतो, आणि पाणी जायचं भोक मीच बुजवलेलं. ठिबकलेलं पाणी फणसाच्या फळ्यांवरून खाली आलं ते पिवळं होऊन. 'खास' खणातल्या चिरुटांच्या कागदी पट्ट्यांना हळद लागली.

मग जोराच्या वाऱ्यात कुठेतरी तारेवर माड पडला आणि तीन दिवस लाइट नव्हती. चौथ्या दिवशी टॉर्च मारून बघतो तर एका चिरुटाला बासरीसारखी भोकं, आणि त्यातून तपकिरी, टाचणीच्या डोक्याएवढा किडा बाहेर येऊन माझ्याकडे बघतोय. कृषी विद्यापीठात नोकरीला असलेल्या चुलतभावाने ओळखला: तंबाखूचा भुंगेरा. अंडी मुळात तंबाखूतच असतात, ऊब मिळाली की फुटतात. मे महिनाभर पेटी कपाटावर उकडत होती, तेव्हाच त्यांचं पाळणाघर सुरू झालेलं. पुढे तो सहज म्हणाला, "हा हळदीत, मिरचीत, धण्यातपण होतो हं. सुक्या माशांतसुद्धा."

फोन स्पीकरवर होता.

आगोटीचं सगळं सामान, वर्षाचा मसाला, हळद, सुकट, सोडे, त्याच माजघरात पलीकडच्या भिंतीला होतं. ही काही बोलली नाही. तिने एकेक डबा उचलून ओटीवर नेला, आणि प्रत्येक डबा ठेवताना जो आवाज केला त्यातून मला काय ते कळलं.

उपाय एकच होता: चिरूट तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे फ्रीजर मेअखेरीला भरून ठेवलेल्या बांगड्यांनी गच्च होता. "बांगडे हलणार नाहीत," ही म्हणाली. चिरूट बांगड्यांच्या मधोमध झोपले. तीन दिवसांत किडे मेले.

गटारीला चौघे आले. बंदरावरच्या आमच्या तांडेल मित्राला मानाचा चिरूट दिला. सात काड्या वाया गेल्यावर गॅसच्या लायटरने तो कसाबसा पेटला. त्याने एक झुरका घेतला, डोळे मिटले, माझ्याकडे बघितलं.

"परदेशी आहे," मी म्हटलं.

"बांगडा परदेशी हाय?" त्याने विचारलं आणि कनवटीची विडी काढली.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तर कूलरची वायर काढलेली होती. हिने तळाचं भोक मोकळं केलं होतं, स्पंज भांडी घासायच्या मोरीवर गेला होता, आणि आत जुना पंधरा वॅटचा पिवळा बल्ब लावला होता, तिच्या माहेरी कपड्यांच्या कपाटात लावायचे तसा. 'रोजचे'मध्ये पोह्याचे पापड, 'पाहुण्यांचे'मध्ये मिरगुंडं, 'खास'मध्ये सोडे. माझ्या चिठ्ठ्या तिने तशाच ठेवल्या होत्या. पापड मोडून बघितला. कडकडीत.

रविवारी भाच्याचा फोन आला. "मामा, काटा किती दाखवतोय?"

मी दार उघडून वाचलं. "अठ्ठावन्न."

"अरे बापरे, फारच कोरडं झालं," तो काळजीने म्हणाला. "आत थोडं पाणी ठेवा."

फोन स्पीकरवरच होता.