बोहल्याचा धसका

निक हॉर्नबीच्या ‘हाय फिडेलिटी’ (१९९५) या कादंबरीचा नायक रॉब पस्तिशीचा; लंडनमध्ये त्याचं रेकॉर्ड्सचं दुकान, गिऱ्हाईक बेताचंच. प्रेयसी लॉरा घर सोडून जाते तेव्हा साहेब काय करतात? सगळ्या रेकॉर्ड्स खाली काढून, विकत घेतल्याच्या क्रमाने पुन्हा लावत बसतात. संसार मांडायचा म्हटलं की हातपाय गळतात, रेकॉर्ड्स मांडायला मात्र हुरूप दांडगा.

मग अविस्मरणीय अशा पाच ताटातुटींची यादी आणि एकेकीचा माग. पहिली शाळेतली, प्रेमप्रकरण एकूण सहा तासांचं! तिच्या आईला फोन केल्यावर कळतं, याला टाकून ती ज्याच्याकडे गेली त्याच्याशीच तिचं लग्न झालंय. दुसरा कोणी खट्टू झाला असता, हा गडी खूश. गाठ वरूनच मारलेली, तिथे आपला काय दोष? (वाचणारे पुरुष इथे मोठ्याने हसतात. जरा जास्तच मोठ्याने.)

अखेर लॉरा परत येते आणि धीर करून तो तिला लग्नाचं विचारतो. ती खो खो हसत सुटते. भित्र्या नवरदेवाला याहून सोयीचं उत्तर कुठे मिळणार?