टायरांची सरबराई

वापरून वापरून गुळगुळीत झालेला टायर हा आपल्याकडे गाडीमालकाच्या सांपत्तिक स्थितीचा पंचनामा समजला जातो. परंतु शर्यतीच्या दुनियेत हीच गुळगुळीत कांती ऐश्वर्याचे लक्षण ठरते, आणि तिच्यासाठी माणसे अशी रक्कम मोजतात की जिच्यात एकेकाळी आमच्या खात्यातल्या अव्वल कारकुनाचे सबंध वर्ष निभावत असे. ह्यात विसंगत काही नाही, हे माझ्या भाच्याने मला सप्रमाण पटवून दिले आहे. कोरड्या, स्वच्छ डांबरावर टायराच्या नक्षीला काही काम नसते. ती असते पाण्याला वाट करून देण्यासाठी, आणि जेवढी जागा खाचांना जाते तेवढे रबर रस्त्याच्या स्पर्शाला मुकते. म्हणून शर्यतवाले खाचा ठेवीत नाहीत, आणि रबर असे मऊ घेतात की तापल्यावर ते डांबराच्या रंध्रारंध्रांत जाऊन बसावे. फॉर्म्युला वनमध्ये १९९८ साली ह्या गुळगुळीत टायरांवर बंदी येऊन खाचांची सक्ती झाली आणि ती थेट २००९ साली उठली, ह्या घटनेचा उल्लेख भाचा ज्या घोगऱ्या स्वरात करतो, तो स्वर आमच्या पिढीने आणीबाणीसाठी राखून ठेवला होता.

भाचा पोटासाठी संगणकाच्या कंपनीत असतो आणि आत्म्यासाठी सुटीच्या दिवशी एका मोकळ्या मैदानावर, रस्त्यावर मांडतात तसल्या नारिंगी शंकूंना वळसे घालीत, घड्याळाविरुद्ध गाडी हाकतो. त्यासाठी त्याने जे टायर आणवले त्यांना ‘सेमी-स्लिक’ म्हणतात. म्हणजे कायद्याचा मुलाहिजा राखण्यापुरत्या दोन-चार खाचा आणि बाकी सगळी मिजास. येथवर कोणाची तक्रार नव्हती. परंतु दर खेपेला चारही चाके उतरवण्याचा कंटाळा, आणि उत्तम वस्तू रोजच्या वापरात का असू नये हा त्याचा तात्त्विक प्रश्न, ह्या दोहोंच्या संगनमताने ते टायर सोमवारीही गाडीखालीच राहिले, आणि मला दवाखान्यात, बँकेत व विवाहसमारंभांना नेण्याचे मामुली काम त्या उच्चकुलीन रबराच्या कपाळी आले.

आता ह्या रबराचा स्वभाव असा, की शर्यतीचा टायर ८० ते १०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्याखेरीज आपल्या कर्तव्यावर रुजू होत नाही. म्हणूनच मोठ्या शर्यतींत त्याला विजेवर तापणाऱ्या रजयांत गुंडाळून ठेवतात. भाच्याचे सेमी-स्लिक त्या घराण्यातले जरा मवाळ. तरीही टिळक रस्त्यावर, दर शंभर पावलांवर सिग्नल आणि दर दोनशे पावलांवर गतिरोधक अशा बंदोबस्तात त्यांनी तापावे तरी कसे? ते थंडच राहत, आणि थंड असताना त्यांची पकड बाजारच्या साध्या टायराहूनही उणी भरे. एके दिवशी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर भाचा विनाकारण गाडी डावीकडे-उजवीकडे नागमोडी नेऊ लागला, तेव्हा मी त्याच्या प्रकृतीविषयी पृच्छा केली. “टायर गरम करतोय, मामा,” तो म्हणाला. आणि शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या फेरीत थोर थोर चालक हेच करतात, असा दाखलाही त्याने दिला. ते चालक मागच्या आसनावर रक्तदाबाचा मामा घेऊन बसत नाहीत, हे मी त्याच्या नजरेस आणले.

चौकात उभ्या असलेल्या हवालदारांनीही तो दृष्टान्त मान्य केला नाही. त्यांनी गाडी बाजूला घ्यावयास लावली, कागद पाहिले, मालकाच्या तोंडाचा वास घेतला, आणि सारे निर्दोष आढळल्यावर साहजिकच त्यांची नजर चाकांकडे वळली.

“साहेब, टायर पार गोटा झालेत की तुमचे!”

“नवीन आहेत,” भाचा अभिमानाने म्हणाला.

“नवीन?” हवालदारांनी खाली वाकून पुन्हा पाहिले. “मग गोटाच कशाला घेतले?”

ह्यावर भाच्याने खिशातून खाचांची खोली मोजण्याचे उपकरण काढले, आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ व्या नियमान्वये मोटारीच्या टायरास किमान १.६ मिलिमीटर खोली पुरते, सबब आपले टायर कायदेशीर आहेत, असे युक्तिवादपूर्वक सिद्ध केले. हवालदारांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. नंतर त्यांनी माझ्याकडे अशा अनुकंपेने पाहिले, की दंड भरून सुटलो असतो तर बरे झाले असते असे मला वाटले.

गाडीत बसल्यावर आणखी एक अनुभव येई. ऊन तापून रस्ता जरा भाजून निघाला, की ते रबर वाटेतला प्रत्येक खडा उचली आणि चाकाच्या वरच्या पत्र्यावर नेऊन आपटी. त्यामुळे खडी टाकलेल्या रस्त्याने जाताना कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज सर्व बाजूंनी येत असे. टायराच्या कुशी ताठ, त्यामुळे महापालिकेने ठेवलेला एकही खड्डा माझ्या कण्यास अज्ञात राहिला नाही.

टिकाऊपणाचे म्हणाल, तर अमेरिकेत त्याचा एक अंक टायराच्या कुशीवर कोरण्याची पद्धत आहे. टेक्सासमधील सॅन अँजेलो गावापासून निघणाऱ्या सुमारे ६४० किलोमीटरांच्या ठराविक मार्गावर गाड्यांचा ताफा सुमारे ११,५०० किलोमीटर हिंडवतात, आणि शंभर अंकाच्या प्रमाणभूत टायराशी तुलना करून इतरांची झीज ठरवतात. संसारी टायराच्या कुशीवर तीनशे ते पाचशेच्या दरम्यानचा आकडा असतो. भाच्याच्या टायरावर ८० होता. गणित मला येते. हिशेबनीस म्हणूनच मी निवृत्त झालो. पण भाच्याला झिजेपेक्षा दुसरीच चिंता होती. हे रबर एकदा तापून निवले की किंचित कडक होते, म्हणजे त्याचे आयुष्य किलोमीटरांत नव्हे तर तापांत मोजायचे. आणि मला बँकेत नेताना एखादा ताप वाया जात नाही ना, ह्याचा तो रोजनामचा ठेवू लागला.

मृगाच्या पहिल्या सरीने हा अध्याय तात्पुरता संपला. शर्यतीतही पावसाला वेगळा टायर असतो. फॉर्म्युला वनचा पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावताना सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूस सारतो, असे त्याचे कर्ते सांगतात, आणि तो चढवायला तेथल्या चमूला दोन-तीन सेकंद पुरतात. आमच्याकडे पंक्चरवाल्याने रविवार मागितला. तोवर भाचा कचेरीत रिक्षाने जात असे, आणि त्या रिक्षेचे तिन्ही टायर कोणत्याही नियमाच्या आधाराविना अस्सल गोटा होते.

उतरवलेल्या टायरांना ऊन चालत नाही, विजेच्या मोटारीजवळची हवा चालत नाही, ओल तर नाहीच. तेव्हा ते काळ्या पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर, कुरडयांचे डबे खाली उतरवून, ठेवण्यात आले. “ह्याच्या मुंजीचं उपरणंसुद्धा मी एवढ्या निगुतीनं ठेवलं नव्हतं, दादा,” असे माझी बहीण म्हणाली. आणि दिवाळीपूर्वी माळा रिकामा झाला पाहिजे, असे फर्मान तिने सोडले.

वास्तविक रस्त्यावरच्या टायराने शर्यतीचे ऋण मान्य करावे, असा इतिहास आहे. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर केला तो मुलाच्या तिचाकी सायकलीसाठी. पण तो मोटारीलाही चालतो हे दाखवण्याकरिता मिशेलँ बंधू १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत स्वतः उतरले, आणि वाटभर पंक्चरे काढीत बसले. त्यांनी शर्यतीत सोसले म्हणून आपण आज रस्त्यावर सुखाने बसतो. भाच्याने हा क्रम उलटा केला, इतकेच.

असो. टायर विकण्याचे ठरले, आणि कोणाच्या तरी ओळखीने दौंडकडचे एक ऊसवाहतुकीचे गाडीवान पाहायला आले. आपल्या मुलुखात रबरी चाकांच्या बैलगाडीला अजूनही कित्येक जण डनलॉप गाडीच म्हणतात, तेव्हा हा व्यवहार मला इतिहासाला धरून वाटला. पाहुण्यांनी चहा घेतला, टायर आडवा पाडला, त्यावर तळहात दाबून ठेवला आणि सावकाश सोडवून घेतला.

“आवं, ह्यो तर भुईला चिकटतोय,” ते म्हणाले. “बैलांनी वढायचा कसा?”

भाच्याचा चेहरा एकदम उजळला. एवढ्या महिन्यांत त्याच्या टायरांची पकड कोणा परक्याने आपण होऊन प्रमाणित करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्याने पाहुण्यांना आणखी एक कप चहा दिला, जाण्यायेण्याचे भाडे दिले, आणि चारही टायर पिशव्यांत घालून पुन्हा माळ्यावर चढवले. बहीण हल्ली कुरडया माझ्याकडे ठेवते.