सगळे भायखळ्याला

सोलापूरच्या माणसाने मुंबई बघायची तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघावं आणि पहाटे कल्याणलाच उतरावं, विशेषतः मुक्काम डोंबिवलीला पैलवानाच्या मावसभावाकडे असेल तर. सामान टाकावं, अंघोळ करावी, वहिनींच्या हातचा चहा घ्यावा आणि मग माणसासारखं मुंबई बघायला निघावं. पण हे सरांना पटेना. सर दहावीच्या पोरांना इतिहास शिकवतात. ‘‘मुंबईत शिरायचं तर व्हीटीतून शिरायचं बे. मागच्या दारानं काय जायलाय?’’ त्यामुळे कल्याण, ठाणे, दादर ही सगळी दारं आम्ही अर्धवट झोपेत मागे टाकली आणि शेंगा चटणीच्या डब्यांसकट शेवटच्या स्टेशनात उतरलो.

आम्ही चौघं. शेठचं कसलंही दुकान नाही, खर्चाची वही त्याच्याकडे असते म्हणून शेठ. पैलवानाने तालीम सोडून बरीच वर्षं झाली, तालमीतली भूक मात्र अजून सांभाळून आहे. चौथा मी, हे सगळं बघणारा.

बाहेर येऊन रस्ता ओलांडला आणि माना वर केल्या. मुंबईत पाहुणा ओळखायची हीच खूण, तो वर बघतो आणि बघण्यासाठी थांबतो. मागून येणारी गर्दी आमच्या बॅगांना धडकून दोन्ही बाजूंनी वाहत होती. सरांनी तास सुरू केला. फ्रेडरिक स्टीव्हन्सने ही इमारत आखली, १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. फाटकावर एकीकडे सिंह, म्हणजे इंग्लंड. दुसरीकडे वाघ, म्हणजे आपण.

‘‘घड्याळाखालचा कोनाडा रिकामा कसा काय?’’ शेठने विचारलं.

‘‘तिथं व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. हलवला.’’

‘‘कुठं?’’

‘‘पुढं चला.’’

वर्गात अडचणीचा प्रश्न आला की सर असाच धडा उलटत असणार.

गेटवेपाशी शेठने त्यांना दुसऱ्यांदा गाठलं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ मध्ये इथे उतरले, त्यांच्या स्वागताची ही कमान, असं सर सांगत होते. शेजारच्या माहितीफलकाशी खुडबुड करून आलेला शेठ म्हणाला, ‘‘पण बांधून झाली १९२४ ला. पाव्हणा जाऊन तेरा वर्षं झाल्यावर मांडव घातला की बे ह्यांनी!’’ सरांनी ताबडतोब १९४८ गाठलं. इंग्रजांची शेवटची पलटण ह्याच कमानीखालून परत गेली. शेठचं थोडं समाधान झालं. मांडव निदान निरोपाला तरी वेळेवर तयार होता.

तिथून घारापुरीची लाँच. तासाभराचा प्रवास, वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे. ते शेठने दिले, पण तोंड असं केलं की वरून दिसणारा समुद्र आम्हाला चोरीचा वाटू लागला. लाँचमागे सीगल पक्षी येतात आणि लोक त्यांना वेफर्स टाकतात. पैलवानाने पाकीट विकत घेतलं आणि धर्मकृत्य म्हणून पहिला वेफर हवेत उडवला. बाकीचे त्याने पक्ष्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ले.

पायऱ्या चढताना सरांनी बेटाचं इंग्रजी नाव समजावलं. पोर्तुगीज आले तेव्हा धक्क्याजवळ दगडाचा भला मोठा हत्ती होता, त्यावरून ते एलिफंटा म्हणू लागले. पैलवान थांबला. ‘‘मग हत्ती कुठाय?’’ सरांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दोन्हीकडे माकडं. शेवटी काकडी विकणाऱ्या मावशींना विचारलं. त्या काकडी सोलतासोलताच म्हणाल्या, ‘‘हत्ती व्हय? तो भायखळ्याला.’’

मग सरांना आठवलं. साहेबांना तो हत्ती विलायतेला न्यायचा होता. उचलताना त्याचे तुकडे झाले, ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेले आणि तिथेच १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. ‘‘म्हणजे लाँचचे पैसे...’’ शेठने सुरुवात केली, पण आम्ही त्याला गुहेत ढकललं. आत अंधारात वीस फुटी त्रिमूर्ती. मधला चेहरा डोळे मिटून इतका शांत, की पलीकडे सहलीच्या पोरांचा कालवा चाललाय ह्याचं काही वाटेनासं होतं. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. कैलास हलवणाऱ्या रावणासमोर पैलवान जास्त रेंगाळला. ‘‘मांडी बरोबर रोवली नाही त्यानं,’’ एवढंच म्हणाला.

संध्याकाळी परत येऊन काळ्या घोड्याला गेलो. घोडा आहे, ऐटबाज आहे, पण पाठ रिकामी. शेठने सरांकडे नुसतं बघितलं.

‘‘हा नवा, २०१७ चा. जुन्या घोड्यावर सातवा एडवर्ड होता. तो १९६५ मध्ये...’’

‘‘भायखळ्याला,’’ आम्ही तिघं एका सुरात म्हणालो.

मग डोंबिवलीला जायला जलद लोकल. आत शिरलो म्हणणं चुकीचं होईल, आम्हाला भरण्यात आलं. ‘‘बॅग पुढं घ्या, बॅग पुढं!’’ असा ओरडा झाला आणि पैलवान पोटावर बॅग लटकवून दारात उभारला. घाटकोपर गेल्यावर लक्षात आलं की दारात तो नाही. फोन लावला.

‘‘कुठं हायस बे?’’

पलीकडून जत्रेत चीतपट झालेल्या माणसाचा आवाज आला. ‘‘भायखळा.’’

एका आजोबांना उतरायला वाट द्यावी म्हणून तो सज्जनपणे फलाटावर उतरला होता. आजोबा गेले, आणि चढताना एका किडमिड्या, डबेवाल्या बॅगेच्या कारकुनाने त्याला कोपराने अलगद बाजूला सारलं. पैलवानाला हे दुःख हरण्याचं नव्हतं, डाव कळला नाही ह्याचं होतं. रात्री वहिनींनी वाढलेल्या सातव्या पोळीपर्यंत तो त्याच कोपराबद्दल बोलत होता.

रविवारी कुठे जायचं ह्यावर चर्चाच झाली नाही. मेगाब्लॉक होता. जलद गाड्या धीम्या मार्गावर, धीम्या गाड्या देवाच्या मर्जीवर. रविवारी मुंबई बघायला निघालेल्या माणसाने मुंब्रा मन लावून बघावं, तेवढी उसंत रेल्वे देते. दुपारी राणीच्या बागेत पोचलो. बागेचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्यापासून पोलिसापर्यंत कुणालाही ‘राणीची बाग’ म्हटल्यावरच रस्ता सापडतो.

बाहेर ऊन रणरणत होतं आणि पेंग्विनच्या दालनात थंडगार. लोक काचेला चिकटलेले, पहारेकरी ‘‘पुढं चला, पुढं चला’’ म्हणतोय. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या पैलवानाने पेंग्विनकडे एकदाच बघितलं, मग डोळे मिटून नुसता उभारला. बाहेर काढल्यावर पुन्हा रांगेत लागला.

आम्ही भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला गेलो. तिथे हत्ती होता. दगडाचा, सांधे दिसणारा, झाडाखाली मुकाट उभा. एडवर्डही सापडला, घोड्यासकट. आणखीही कुणी कुणी साहेब आपापले चौक सोडून इथे येऊन राहिले होते. शेठने प्रत्येकाचा चेहरा तपासला. त्याला व्हीटीची राणी हवी होती. ती काही मिळाली नाही.

मग तो हत्तीसमोरच्या कट्ट्यावर बसला आणि वही उघडून सरांना म्हणाला, ‘‘हत्ती हितं, राजा हितं, घोडा हितं. पैलवानसुद्धा कालच हितं आलता. मग लाँचचे पैसे कशाला घालवले, तेवढं सांगा.’’

सर चिडले. ‘‘अरे, त्रिमूर्ती तिथंच आहे की!’’

‘‘अजून,’’ शेठ म्हणाला आणि सगळा खर्च सरांच्या नावावर टाकला.