कोटींच्या घरातले पाहुणे

साठी उलटली की आपल्या पोटाची काळजी आपल्यापेक्षा इतरांनाच जास्त. सुनेने एक इवलीशी बाटली हातात ठेवली. घोटभर आंबटगोड दूध आणि त्यात म्हणे कोट्यवधी जिवंत जंतू. "बाबा, इम्युनिटीसाठी!"

स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला, "का? आमचं विरजण काय मेलेलं असतं?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी वाचन केलं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी तिथे तयार होतात. वयात आल्यापासूनच ती आटू लागते, त्यामुळे म्हातारपणी नवी भरती जवळजवळ बंद. उरतो तो आमचा ज्येष्ठ नागरिक संघ! जुनी भांडणं तोंडपाठ, नवा शत्रू दारात उभा राहिला तरी ओळख पटायला उशीर, आणि दिवसभर विनाकारण धुसफुस. या धुसफुशीला शास्त्रज्ञांनी २००० साली 'इन्फ्लमेजिंग' असं झकास नावही दिलं. त्यात आतड्यातले बायफिडोबॅक्टेरिया वयाबरोबर घटतात. त्यांची भर बाहेरून घालावी, ही बाटलीची कल्पना.

ती अगदीच पोकळ नाही. २००१ साली ६३ ते ८४ वयाच्या ३० जणांना असं जंतूयुक्त दूध पाजल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तातल्या मारेकरी पेशी जोमाने कामाला लागल्या, आणि ज्यांच्या पेशी मुळात सुस्त होत्या त्यांच्यात फरक जास्त दिसला. (हे वाचून मी उगाचच सुखावलो.) पण रक्ताचा रिपोर्ट सुधारणं वेगळं आणि सर्दी न होणं वेगळं. शिवाय हे जंतू मुक्कामाला राहत नाहीत. बाटली बंद केली की थोड्याच दिवसांत पसार.

या सगळ्याचे आद्य पुरस्कर्ते इल्या मेचनिकोव्ह. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे. प्रतिकारशक्तीवरच्या संशोधनाबद्दल १९०८चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. बल्गेरियातले शेतकरी दह्यामुळे दीर्घायुषी होतात असं त्यांचं म्हणणं. स्वतःही नेमाने आंबवलेलं दूध पीत. १९१६ साली गेले, एकाहत्तराव्या वर्षी. आमच्या संघात या वयाच्या माणसाला पोरगेला समजतात.

हे ऐकून सौभाग्यवती खूश झाल्या आणि विजयाप्रीत्यर्थ कढी केली. उकळलेल्या कढीत एकही जंतू जिवंत राहत नाही, हे सांगायचं धाडस मी केलं. "अहो, मग इडली?" तीही वाफवलेली. पीठ आंबवणारे जंतू मोदकपात्रातच स्वर्गवासी. घरच्या दह्यात मात्र जिवंत असतात. फक्त कोणत्या जातीचे आणि किती, हे विरजणालाच ठाऊक. तरी वाटीभर दह्याला माझी हरकत नाही, बाटलीला तर नाहीच, सून पैसे भरते आहे तोवर. पण मंडळी, फ्लूची लस यापैकी कशातही विरघळवलेली नसते. ती दरवर्षी दंडातच टोचून घ्यावी लागते.