जप्ती आणि जाणकार

कर्ज काढताना मनुष्य एकटा असतो. जामीनदारसुद्धा सही ठोकून चहाला न थांबता निघून जातो. परंतु त्याच कर्जापायी दिवाणी न्यायालयाचा बेलीफ जप्तीचे वॉरंट घेऊन येणार, अशी कुणकुण गावास लागली की ओसरीवर साहाय्यकांचे जे मंडळ जमते, त्याचा उत्साह आणि चहाचा खप पाहता, एवढे पाठबळ फेडीच्या वेळी लाभते तर सावकारावरच उपासमारीची पाळी आली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी, असे एक मंडळ मी पाहिले. त्याचे धुरीण घरधन्याचे मामा. मामांनी जन्मात कोर्टाची पायरी चढलेली नव्हती आणि म्हणूनच कोर्टाविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. "कागदाला हातच लावू नकोस, समन्स घेतलेच नाही तर दावा चालणार कुणावर?" हा धर्मशास्त्राचा गाभा त्यांचाच. वस्तुतः नाकारलेले समन्स बेलीफ दाराला डकवितो, न्यायाधीशांची खात्री पटली की ते बजावल्यातच जमा होते, आणि प्रतिवादी गैरहजर राहिल्याने हुकूमनामा एकतर्फी निघतो.

मामांची ही विद्या परंपरागत आहे. १८७४ च्या डिसेंबरात याच तालुक्यातील करडे गावी काळूराम नामक सावकार दीडशे रुपयांच्या बाकीपोटी मिळविलेल्या हुकूमनाम्याच्या बळावर बाबासाहेब देशमुखांचे घरच उतरवू लागला, तेव्हा गावाने त्याचे न्हावी, धोबी, पाणके सारे बंद केले. आणि १२ मे १८७५ रोजी, तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात, कुणब्यांनी सावकारांच्या खतांची होळी केली. सरकारने कमिशन बसविले, आणि ऋणको न्यायालयात उभाच राहत नसल्याने एकतर्फी हुकूमनाम्यांचे पीक किती माजले आहे, हे त्यात उघड झाले. १८७९ च्या कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याची कैद थांबली, खतामागचा जुना हिशेब तपासण्याचे काम न्यायाधीशावर आले, सलोखा करणारे नेमले गेले आणि खते गावच्या निबंधकासमोर लिहिण्याचा नियम झाला. म्हणजे ज्या कुणब्याने कागद जाळला, त्याच्या रक्षणार्थ सरकारने आणखी कागद केला. तो वाचील कोण, हा प्रश्न मात्र कमिशनच्या कक्षेबाहेरचा होता.

असो. वॉरंटाच्या आदल्या रात्री मामांच्या आज्ञेवरून घरातील हंडे, पातेली, तवा, पोळपाट आणि तीन गोधड्या उसाच्या फडात लपविण्यात आल्या. बैलजोडी पहाटेच भीमेपलीकडे दौंडच्या सोयऱ्यांकडे रवाना झाली. सूनबाईंचे मंगळसूत्र कणगीत गेले. दिवस उगवल्यावर बेलीफ आले (सूर्यास्तानंतर घरात शिरण्यास त्यांनाही मनाई आहे, हे ठाऊक नसल्याने मंडळाने रात्रभर पहारा केला होता), आणि रिकाम्या चुलीकडे पाहून ते गृहस्थ काकुळतीने म्हणाले, "अहो, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याचे बैल, बियाणे, बाईमाणसाचे मंगळसूत्र, यांना १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने मला हातही लावता येत नाही. पोरांना सकाळपासून उपाशी का ठेवलेत?"

अंगणात, धुऊन पुसून, दसऱ्याचा वाळका हार अद्याप हँडलला असलेली मोटारसायकल तेवढी उभी होती. ती लपविण्याचे कुणासच सुचले नव्हते.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो, हप्ते मागता येतात. १९८७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली तालुका विधी सेवा समिती स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाची माणसे यांना विनामूल्य वकील देते, आणि तिचे दार त्याच कोर्टाच्या आवारात आहे, जिकडे जाण्यास मामांनी मनाई केली होती. घरधन्याने ही गोष्ट भीतभीत काढली, तेव्हा मामा उत्तरले, "फुकटचा वकील फुकटातच हरवतो." मंडळाने माना डोलावल्या. चहाची दुसरी फेरी फडातली पातेली परत येईपर्यंत खोळंबली.

मोटारसायकलीचा पंचनामा झाला. पंच म्हणून दोन प्रतिष्ठित गृहस्थ हवे होते. ज्यांनी घरधन्यास कागदाला स्पर्शही करू दिला नव्हता, ते मामा चष्मा पुसत पुढे झाले आणि एक अक्षरही न वाचता, झोकदार वळणाची पहिली सही त्यांनी केली.